कपड्यातली माया कोठे गेली?

शेतकरी बंधूंनो, कारागीर भावांनो आणि मायबहिणींनो, आज आम्ही तुमच्यापुढे कोणा मंत्र्याची वा महंताची गोष्ट आणलेली नाही. तुमच्याच अंगावरच्या सदऱ्याची गोष्ट आणली आहे. वाचता वाचता तो सदरा हातात धरा. त्याची शिवण उलटून पाहा, कापड उजेडासमोर धरा, आणि मग सांगा की हा सदरा पुढच्या पोळ्यापर्यंत टिकेल काय?

गेल्या दिवाळीनंतरची हकीकत आहे. परतवाड्याच्या बाजारात आम्ही एका कापडाच्या दुकानात बसलो होतो. दुकानाचे नाव सांगण्यात हशील नाही. जे तेथे घडले ते आज कोणत्याही गावच्या कोणत्याही दुकानात घडते. खेड्यावरची एक म्हातारी बाई नातवाचा सदरा पदराखाली धरून आली. सदरा दिवाळीला घेतलेला, त्याला दोन महिनेही झाले नव्हते. खांद्याची शिवण उसवलेली, कोपरावर कापड विरून त्याची जाळी झालेली, पाठीवर सुताचे बारीक बारीक गोळे आलेले. म्हातारी म्हणाली, "शेटजी, पोराच्या अंगावर दोन महिने नाही टिकला हा. पैसे वापस नका देऊ, पण असं काहून झालं ते तं सांगा." शेटजी हसून म्हणाले, "बुढीमाय, आता मालच असा येते. फाटला तं दुसरा घ्या. तीनशेत तं येते." म्हातारी सदऱ्याकडे पाहत म्हणाली, "तीनशे कमवाले मले दोन दिवस निंदाले जावं लागते, बावा." आणि सदऱ्याची घडी घालून ती निघून गेली.

फाटला तर दुसरा घ्या! वाचकहो, या चार शब्दांत आजच्या साऱ्या कापडधंद्याचे शास्त्र सामावले आहे. शेटजी खोटे बोलले नाहीत. माल खरोखरच तसा येतो. पण तो तसा आपोआप येत नाही. तसा केला जातो, म्हणून येतो. पाऊस पडतो तसे कापड आभाळातून पडत नाही. कोणीतरी बसून ठरवतो की सूत किती बारीक घ्यावे, इंचात धागे किती कमी करावे, शिवणीत कापड किती वाचवावे. त्या ठरवणाऱ्याला म्हातारीचे दोन दिवसांचे निंदण दिसत नाही. ते दाखवून द्यावे, एवढ्यासाठीच हा लेख.

प्रथम हिशेब करू. शेतकऱ्याला भाषण समजो न समजो, हिशेब समजतो. धरून चाला की तीनशेचा तयार सदरा चार महिने पुरला. म्हणजे वर्षाला तीन सदरे, तीन वर्षांत नऊ, आणि खर्च दोन हजार सातशे. आता धरून चाला की चांगल्या जाड सुती कापडाचा, आपल्या शिंप्याने शिवलेला सदरा नऊशेला पडला व तीन वर्षे पुरला. स्वस्त सदऱ्याचे भाडे महिन्याला पंचाहत्तर रुपये, महागाचे पंचवीस! मग शहाणा माणूस महागाचा का घेत नाही? कारण नऊशे रुपये एकदम गाठीला नसतात. कापूस विकून आलेला पैसा बियाण्याच्या, खताच्या आणि सोसायटीच्या दारी जातो. उरलेल्यात पोरांना सणाचे कपडे करावयाचे. म्हणून ज्याच्याजवळ रोकड आहे तो कपडा विकत घेतो, आणि ज्याच्याजवळ नाही तो कपडा भाड्याने घेतो, तोही तिप्पट भाड्याने. आणि वर जग त्यालाच म्हणते, स्वस्तात मिळाले, नशीब काढलेस!

आता हा कपडा नासका कसा होतो ते पाहू. ही काही गुप्त विद्या नव्हे. साळी, कोष्टी, मोमीन आणि शिंपी यांच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

पहिली युक्ती सुताची. एका पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. दहा-वीस नंबरचे सूत जाडेभरडे, साठ-ऐंशीचे तलम. तलम सूत वाईट असते असे नव्हे. लांब धाग्याच्या कापसाचे, नीट विंचरलेले, दुपदरी पिळाचे तलम सूत वर्षानुवर्षे टिकते. पण आखूड धाग्याचा कापूस घ्यावयाचा, त्याचेच एकपदरी बारीक सूत काढावयाचे, आणि वर इंचात धागे कमी घालावयाचे, म्हणजे त्याला कापड म्हणण्यापेक्षा गाळणे म्हटलेले बरे.

दुसरी युक्ती खळीची. ताण्याला खळ दिल्यावाचून मागावर सूत टिकत नाही, म्हणून खळ ही विणकराची गरजच आहे. पण विणून झाल्यावर कापडाला वजन यावे, हात लावला तर भरीव वाटावे, म्हणून जी खळ थापतात ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ आहे. पहिल्या धुण्यात ती पाण्याबरोबर नालीत जाते, आणि दुकानात जे कापड पाटासारखे उभे राहत होते ते दोरीवर कांद्याच्या सालीसारखे लोंबते.

तिसरी युक्ती तर अजबच. नवा कपडा जुना करून विकावयाचा! विजारी कारखान्यातच दगडांबरोबर घुसळतात, औषधांच्या पाण्यात बुडवतात, गुडघ्यावर घासतात, आणि काही तर फाडूनही ठेवतात. कापडाचे निम्मे आयुष्य कारखान्यातच खर्च करून उरलेले निम्मे तुम्हाला पुऱ्या किमतीला विकतात. आमच्या बापाच्या धोतराला ठिगळ असले तर तो दरिद्री, आणि सावकाराच्या पोराची विजार विकत घेतानाच फाटलेली असली तर ती फॅशन! असो.

चौथी गोष्ट पॉलिएस्टरची. येथे आम्ही न्यायाने बोलू. पॉलिएस्टरचा धागा लवकर तुटत नाही. टेरिकॉटची विजार बापाने घातली आणि मग लेकाने घातली, अशी घरे वऱ्हाडात पुष्कळ सापडतील. तेव्हा दोष निव्वळ धाग्याचा नाही. दोष मिसळीचा आहे. स्वस्त मिसळीत सुताचे आखूड तंतू घासून मोकळे होतात, आणि पॉलिएस्टरचे चिवट तंतू त्यांना धरून ठेवतात. त्यांचेच ते गोळे. त्यात ताणणारा रबरी धागा घातला, तर तो ऊन आणि गरम पाणी यांनी ढिला पडतो व कपडा पोत्यासारखा लोंबतो. आणि टिकाऊ असो वा नसो, ज्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर चढतो तेथे घाम न शोषणारे कापड घालून दिवसभर वखरणे ही शिक्षाच आहे. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या अंगावर ते पेटले, तर वितळून कातडीला चिकटते. ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही.

पाचवी गोष्ट शिवणीची. शिंप्याच्या बोलीत एक फार गोड शब्द आहे. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला तो 'माया' म्हणतो. पोर वाढते, माणूस अंगाने भरतो, शिवण एकदा उसवते. त्या दिवसासाठी ठेवलेले कापड ते माया. आई पोराच्या विजारीची खालची पट्टी सोडून दोन बोटे लांब करीत असे, झंपर दोन्ही बाजूंनी उसवून थोरलीचा धाकटीला आणि धाकटीचा थोरलीला करीत असे, ते ह्या मायेच्या जोरावर. आजच्या तयार कपड्यात मशीन शिवणीलगतच कापड छाटून टाकते. एकदा उसवले की धरावयास कापडच नाही. बटण एका दोऱ्याच्या साखळीटाक्याने लावलेले. टोक ओढले की सारे सुटून हातात येते. लाखो सदऱ्यांमागे अर्धा अर्धा इंच कापड वाचले म्हणजे कारखानदाराचा केवढा फायदा! त्या फायद्यासाठी त्याने आमच्या पोरांच्या कपड्यांतली माया कापून घेतली.

यावर दुकानदार आणि कारखानदार एक ठरलेले उत्तर देतात. ते म्हणतात, काय करावे, कापूस महाग झाला! अहो, कापूस पिकवणाराच हे वाचतो आहे, त्याला तरी हे सांगू नका. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये ठरला. हमीभाव हाती किती जणांना पडतो ही निराळीच रडकथा. पण तोच धरू. एका क्विंटल कापसातून सुमारे चौतीस-पस्तीस किलो रुई निघते. सरकीची किंमत शून्य धरली आणि सारा पैसा रुईवर टाकला, तरी किलोला सव्वादोनशेच्या आसपास भाव पडतो. एका सदऱ्याला घट धरून पाव किलो रुई पुरे. म्हणजे सदऱ्यात शेतकऱ्याचा कापूस छप्पन रुपयांचा! तो सदरा पाचव्या हिश्शाने जाड केला तर जादा कापूस लागेल अकरा रुपयांचा. अकरा रुपये! ह्या अकरा रुपयांसाठी म्हातारीच्या नातवाचे कोपर उघडे पडले. त्यातून जाड सूत कातण्यास बारीक सुतापेक्षा खर्च कमीच येतो. आणि ज्या सालाची ही किंमत, त्याच साली २०२५ च्या ऑगस्टात सरकारने परदेशी कापसावरील अकरा टक्के जकात उठवली व ती सूट डिसेंबरअखेर वाढवली. म्हणजे कापूस स्वस्त व्हावा म्हणून आमच्या पोटावर पाय. पण कापड काही त्या कारणाने जाड झाल्याचे आम्ही पाहिले नाही.

ही फसवणूक आजची नव्हे. तिची पाळेमुळे याच वऱ्हाडच्या काळ्या मातीत आहेत. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. १८६१ ते १८६५ ह्या सालांत अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली. आमच्या कापसाला तिकडच्या बाजारात 'ऊमरा' म्हणत; ते नाव उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून पडले. धागा आखूड, मागावर तुटे. म्हणून गिरणीवाल्यांनी ताण्याला भरमसाट खळ देण्यास सुरुवात केली, आणि पिठाच्या जोडीला तीत चिनी माती कालवली. मातीने वजन वाढते हे एकदा कळल्यावर मग यादवी संपली तरी माती सुटली नाही. १८७२ साली टॉडमॉर्डन ह्या गावच्या मागवाल्यांच्या छातीत ती धूळ जाऊन ते आजारी पडू लागले, तेव्हा डॉ. बुकॅनन यांनी सरकारतर्फे त्याची चौकशी केली. विचार करा! आमचा कापूस आगगाडीने मुंबईस, गलबताने विलायतेस गेला, आणि परत आला तो मातीने जड होऊन. तीच माती आमच्या आज्यांनी कापडाच्या भावाने विकत घेतली. इकडे आपला विणकर मागावरून उठला. १८८३ साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यात विलायती मालामुळे विणकरांच्या घरी आलेली उपासमारही मांडलेली आहे. पुढे मूर्तिजापूर ते अचलपूर अशी छोटी आगगाडी झाली, तीही मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठीच. कापूस नेण्यास गाडी तयार होती. चांगले कापड आणण्याची घाई कोणालाच नव्हती.

येथे कोणी म्हणेल, तुम्ही जुन्या काळाचे गोडवे गाता. मुळीच नाही! जुना काळ आम्हाला ठाऊक आहे. एक लुगडे अंगावर आणि दुसरे नाही, म्हणून नदीवर अर्धे नेसून अर्धे वाळवणाऱ्या बाया आमच्याच घरच्या होत्या. सालदाराच्या ठरावात वर्षाचे धोतर आणि घोंगडी लिहून घेत, कारण ते वर्षभर टिकावे लागे. पण टिकले नाही तर तो वर्षभर उघडाही राहत असे. कोणी काय नेसावे, कोणत्या तऱ्हेने नेसावे, यावर जातीचा पहारा होता. म्हणूनच १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलण्यास सांगितले. कपड्यावरून जात ओळखली जात होती. आज मेळघाटातली कोरकू बाई परतवाड्याच्या बाजारात येते आणि आपल्या आवडीच्या रंगाची साडी आपल्या पैशाने घेते. ही मोठी कमाई आहे, आणि ती आम्ही कोणाला हिरावून घेऊ देणार नाही. आमची तक्रार स्वस्ताईबद्दल नाहीच. आमची तक्रार एवढीच की गरिबाला स्वस्त म्हणून जे देतात ते कापड नव्हे, कापडाचे सोंग आहे. गरिबाने पूर्वी उघडे राहावे आणि आता फसावे, ह्या दोहोंखेरीज तिसरा रस्ताच नाही काय?

आणि ही स्वस्ताई कोणाच्या जिवावर, हेही एकदा डोळे उघडून पाहा. बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. तीत तयार कपडे शिवण्याचे कारखाने होते. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशी दिसले. तरी २०१३ च्या २४ एप्रिलला कामगारांना आत धाडले, आणि इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक खेड्यांतून आलेल्या पोरी होत्या. म्हणजे कापूस पिकवणारा नागवला, शिवणारी चिरडली, घालणारा फसला. मग पैसा गेला कोठे? ज्याने कापूस पिकवला नाही, सूत कातले नाही, माग हालवला नाही की सुईत दोरा ओवला नाही, त्याच्याच घरी.

पण बंधूंनो, सगळा दोष शेटजींच्या माथी मारून मोकळे होणे खरे नव्हे. आपल्या घरातलीही झाडलोट केली पाहिजे. लग्नसराईत कापडाच्या दुकानात जा. साड्या दाखवा म्हणालात की दुकानातला पोऱ्या पहिला प्रश्न विचारतो, "नेसायच्या की द्यायच्या?" काय हा प्रश्न! नेसावयाची साडी निराळी आणि द्यावयाची निराळी! द्यावयाच्या साड्यांचा ढीगच वेगळा असतो. दीडशे-दोनशेची एकेक, डझनावारी घ्यावयाची. ती कोणी नेसत नाही, नेसावी म्हणून ती केलेलीच नसते. व्याह्याने दिली, ती पेटीत. पेटीतून भाच्याच्या लग्नात मावशीला, मावशीकडून नणंदेला. अशी ती साडी घडी न मोडता गावोगाव फिरते आणि शेवटी घडीवरच विरते. पन्नास साड्या दोनशेच्या भावाने घेतल्या तर दहा हजार झाले. हमीभावाने सव्वा क्विंटलाहून जास्त कापूस विकावा तेव्हा एवढा पैसा येतो. आपण शेतात खरा कापूस पिकवतो, तो विकतो, आणि त्या पैशाने खोटे कापड घेऊन एकमेकांना मानाने देतो! न नेसण्यासाठी कापड बनवण्याची विद्या कारखानदाराला कोणी शिकवली? आपल्याच आहेराने शिकवली. सत्यशोधक समाजाने १८७३ पासून थोड्या खर्चाच्या लग्नाचा पायंडा पाडला. दीडशे वर्षे झाली, तरी आम्ही आहेराच्या ढिगाखालून बाहेर निघालेलो नाही.

दुसरा आपला दोष ठिगळाची लाज. आपल्या आया लुगडे मधोमध विरले की तो भाग कापून दंड घालीत. तेही फाटले की त्याची गोधडी, गोधडीतून बाळाची दुपटी, दुपट्याचे पोतेरे, आणि शेवटी एखादी चिंधी दिव्याच्या काकड्याला. एक धागा वाया जात नसे. आज तीन महिन्यांचा कपडा उकिरड्यावर जातो. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीणसुद्धा तो उलटून पाहते आणि "हे नको बाई" म्हणून परत देते. तो कुजतही नाही. बिच्छनच्या काठाला काट्यांत अडकून वर्षानुवर्षे फडकत राहतो. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावी परिटाच्या घरी १८७६ साली जन्मलेले डेबूजी, ज्यांना जग गाडगेबाबा म्हणते, ते जन्मभर चिंध्या जोडलेला अंगरखा घालून फिरले. त्या चिंध्यांमुळे कोणी त्यांना हलके मानले काय? राजे आणि मंत्री त्यांच्यापुढे वाकले. ठिगळाची लाज ठिगळ लावणाऱ्याने बाळगू नये. ज्या कपड्याला ठिगळही धरत नाही असा कपडा विकणाऱ्याने ती बाळगावी.

आता पोरांकडे या. सरकारी शाळांतील मुलांना दोन गणवेशांसाठी सहाशे रुपये धरले जात आले आहेत. म्हणजे कापड, शिलाई, बटण, दोरा सारे मिळून एकाला तीनशे. जो पोर चार मैल चालतो, जमिनीवर बसतो, सुट्टीत बकऱ्या हाकतो, त्याने वर्ष काढावे अशी अपेक्षा! २०२४-२५ साली सरकारने एकाच तऱ्हेचे कापड राज्यभर वाटून बचत गटांच्या बायांकडून गणवेश शिवून घेण्याचा घाट घातला. कित्येक शाळांत अर्धे वर्ष उलटले तरी कपडे पोचले नाहीत. पोचले तेथे मापे चुकली, कापडाबद्दल ओरड झाली. शेवटी २०२४ च्या डिसेंबरात हुकूम फिरवून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. यात बचत गटांच्या बायांचा दोष नाही. माप मुंबईत आणि पोर मेळघाटात, अशा रीतीने शिवलेला सदरा कोणाच्या अंगाला बसेल? आता काम समितीकडे आहे. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने त्या समितीत शंभरात पंचाहत्तर सभासद पालक असतात. म्हणजे तुम्हीच! मग कापड ठरते त्या दिवशी तुम्ही कोठे असता? मास्तर कागद पुढे करतात आणि आपण अंगठा वा सही ठोकून शेतात जातो. तेथे बसा. थान उजेडात धरा. शिंपी गावचा घ्या. शिवणीत दोन बोटे माया ठेवावयास सांगा. ही लढाई जिंकण्यास मोर्चा लागत नाही, एक दुपार लागते.

आमचे सांगणे आता थोडक्यात मांडतो.

बाजारात गेलात की कापडाची परीक्षा करूनच घ्या. उजेडासमोर धरा, जाळी दिसली तर ठेवून द्या. कोपरा ओला करून दोन बोटांत चोळा; पांढरी खळ सुटली तर ते वजन खोटे. काठाचा एक धागा काढून पेटवा. सूत कागदासारखे जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. 'कॉटन' म्हणून विकले आणि मणी निघाला, तर तेथेच चार माणसांत विचारा. धागा कशाचा आहे हे कापडावर छापले पाहिजे असा १९८८ पासून सरकारचा नियम आहे. शिवण उलटून पाहा. इंचात दहा टाके नसतील आणि माया नसेल तर तो कपडा पोराला घेऊ नका.

जमेल तितके कापड घेऊन आपल्या गावच्या शिंप्याकडून शिवून घ्या, आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. तो तुमच्या पोराचे अंग ओळखतो, माया ठेवतो, उसवले तर त्याच्याच दारी जाता येते.

लग्नातल्या 'द्यायच्या' साड्या बंद करा. गावात बसून, बचत गटात बसून ठराव करा की आहेर द्यावयाचाच तर नेसता येईल असा एक द्यावा, नाही तर मुलीच्या नावे रोख रक्कम द्यावी. पन्नास खोट्या साड्यांपेक्षा पाच खऱ्या बऱ्या, आणि पाचांपेक्षा पोरीची शाळेची फी बरी.

आणि सरकारला आमचे विचारणे आहे. फ्रान्स देशात २०२३ च्या नोव्हेंबरपासून फाटलेला कपडा दुरुस्त करून घेणाऱ्याला शिलाईत सूट मिळते. युरोपात न खपलेला कपडा जाळून टाकण्यास मोठ्या कंपन्यांना मनाई करणारा कायदा २०२४ साली झाला. श्रीमंत देशांना टिकाऊपणाची काळजी वाटू लागली. ज्या देशात सदरा म्हणजे दोन दिवसांची मजुरी, तेथे ती कधी वाटणार? तुरीच्या डाळीत भेसळ केली तर गुन्हा होतो. मग कापडात खळीची भेसळ करणारा मोकळा का? किती धुणी टिकेल हे कपड्यावर छापण्याची सक्ती का नको?

सर्वांत जवळचे विचारणे हे. अचलपुरात जुनी विदर्भ मिल होती. १९७४ साली ती सरकारी महामंडळाकडे गेली. पुढे मुंबईची फिनले मिल येथे आणून नवी उभारली. २०२० च्या मार्चात टाळेबंदी झाली तेव्हा तिचे चाक थांबले, आणि मग वर्षानुवर्षे तिचे कामगार चाक फिरवा म्हणून अर्ज-मोर्चे करीत राहिले. कापूस दाराशी, कामगार दाराशी, यंत्र आत, आणि कुलूप मध्ये! इकडे २०२४ च्या २० सप्टेंबरला वर्ध्याहून अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्यान पार्कची कोनशिला बसली. हजार एकरांची योजना. आम्ही त्याला विरोध करीत नाही. आम्ही फक्त विचारतो की त्या हजार एकरांत जे कापड निघेल ते कोणाच्या अंगासाठी? परदेशी दुकानांच्या फळ्या भरण्यासाठी, की वऱ्हाडच्या शेतकऱ्याला वर्षभर पुरेल असे एक जाड, घाम पिणारे, ठिगळ धरणारे कापडही तेथे विणले जाईल? जर पहिलेच असेल, तर ऊमरा कापसाची जुनीच कहाणी नव्या पाटीखाली पुन्हा सुरू झाली म्हणावयाची.

बंधूंनो, शेतकरी कापूस वेचताना बोंडात किती माया ठेवतो हे त्याचे बोट जाणते. फाटलेली बोटे, काट्यांनी ओरबाडलेले हात, पाठीवर पोर आणि कमरेला वटी, असा हा कापूस निघतो. तो आमच्याच अंगावर चार महिन्यांत चिंधी होऊन परत येतो, आणि आम्ही मुकाट्याने दुसरा घेतो. हे मुकेपण आता पुरे झाले. पुढच्या वेळी कोणी दुकानात तुम्हाला म्हणाला की फाटला तर दुसरा घ्या, तर त्या म्हातारीसारखे घडी घालून निघून जाऊ नका. सदरा गादीवर पसरा, चार गिऱ्हाइकांना बोलवा, शिवण उलटून दाखवा आणि मोठ्याने विचारा, "शेटजी, यातली माया कोठे गेली?"

— एक कास्तकार, परतवाडा